एक खेळाडू, दोन खरेदीखते: दि स्तेफानोची कारकीर्द कशी वाचावी

युरोपातील क्लबांचा खेळाडू-खरेदीचा हंगाम सुरू झाला की क्रीडापानांवर कोटींच्या आकड्यांची रेलचेल होते. अमुक क्लबने तमुक खेळाडू इतक्या कोटी युरोंना ‘विकत घेतला’, असे आपण सहज वाचून पुढे जातो. पण माणूस विकत घेतला म्हणजे नेमके काय घेतले, ते कोणाकडून घेतले आणि त्या माणसाला त्यात काही विचारले होते का, हे प्रश्न बातमीत फारसे येत नाहीत. ते नीट समजून घ्यायचे असतील तर आजच्या व्यवहारांपेक्षा सत्तर वर्षांपूर्वीचा एक व्यवहार अधिक उपयोगी पडतो, कारण त्यात एकच खेळाडू दोन क्लबांनी, दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून, जवळपास एकाच वेळी विकत घेतला होता आणि कागदोपत्री दोघांचेही काही ना काही खरे होते.

तो खेळाडू म्हणजे अर्जेंटिनाचा अल्फ्रेदो दि स्तेफानो. दोन वेळा युरोपातील सर्वोत्तम खेळाडू, सलग पाच युरोपियन चषकांचा मानकरी, आणि नंतर जवळपास पाव शतक प्रशिक्षक. अनेकांच्या मते पेले आणि मॅराडोना यांच्या पंक्तीत बसणारा हा माणूस विश्वचषकाचा एकही सामना खेळला नाही आणि तीन देशांच्या संघांचा सदरा मात्र त्याने घातला. या विसंगती त्याच्या स्वभावातून आलेल्या नाहीत. त्या बहुतांशी ‘खेळाडूवर हक्क कोणाचा’ या एका प्रश्नातून आल्या आहेत, असे मला वाटते, आणि म्हणून त्याची कारकीर्द गोलांच्या यादीपेक्षा कागदपत्रांच्या क्रमाने वाचायला हवी. खेळाडू मैदानावर असेपर्यंत त्याला एकेरी आणि बूट खुंटीला टांगल्यावर अहोजाहो, ही मराठी क्रीडालेखनाची रीत आहे. ती इथेही पाळतो.

विकली जाते ती नोंदणी

फुटबॉलपटू कोणत्याही क्लबकडून अधिकृत सामना खेळण्यासाठी त्या क्लबच्या नावे राष्ट्रीय महासंघाकडे नोंदलेला असावा लागतो. ही नोंदणी एका वेळी एकाच क्लबकडे असते. ‘ट्रान्स्फर’ म्हणजे ही नोंदणी एका क्लबकडून दुसऱ्याकडे जाणे, आणि बातम्यांतली रक्कम ही जुन्या क्लबने नोंदणी सोडावी यासाठी मोजलेली किंमत असते. खेळाडूचा पगार वेगळा.

आज करार संपला की खेळाडू मोकळा होतो. युरोपात हा नियम पक्का झाला तो डिसेंबर 1995 मध्ये, बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोस्मान याच्या खटल्यातील निकालाने. त्याआधीची पद्धत निराळी होती. करार संपला तरी नोंदणी क्लबकडेच राहत असे. क्लबने पगार वाढवला नाही आणि जाऊही दिले नाही, तर खेळाडूपुढे मिळेल त्यावर खेळणे किंवा घरी बसणे एवढेच मार्ग उरत. नोकरी सोडलेल्या माणसाचा अनुभवाचा दाखला जुन्या मालकाने कपाटात कुलूप लावून ठेवावा आणि त्या दाखल्याविना दुसरीकडे कामच मिळू नये, तसा हा प्रकार होता. पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

सेंटर फॉरवर्ड, पण जागेवर न थांबणारा

दि स्तेफानोचा जन्म 4 जुलै 1926 रोजी ब्वेनोस आइरेसमधील बाराकास या कामगारवस्तीत झाला. वडिलांकडून घराणे इटालियन. वडील स्वतः रिव्हर प्लेट या क्लबकडून खेळलेले. मुलगाही त्याच क्लबात दाखल झाला आणि 1945 मध्ये पहिल्या संघाकडून खेळला. मात्र त्या काळी रिव्हरची आघाडीची फळी ‘ला मॅकिना’, म्हणजे ‘यंत्र’, या नावाने ओळखली जात होती, आणि मधल्या जागेवर आदोल्फो पेदेर्नेरा हा असामान्य खेळाडू असल्याने तिथे नवख्याला जागा नव्हती. 1946 मध्ये त्याला उराकान क्लबकडे उसना पाठवण्यात आले. पेदेर्नेरा दुसऱ्या क्लबात गेल्यावर तो परतला, आणि 1947 मध्ये 27 गोल करून रिव्हरला विजेतेपद मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा राहिला. सोनेरी केस आणि वेग यांमुळे त्याला ‘ला साएता रुबिया’, म्हणजे ‘सोनेरी बाण’, हे नाव पडले. त्याच वर्षी इक्वादोरमधील ग्वायाकिल येथे झालेली दक्षिण अमेरिकेची अजिंक्यपद स्पर्धा अर्जेंटिनाने जिंकली. त्यात तो सहा सामने खेळला आणि सहा गोल केले. अर्जेंटिनासाठी खेळलेले त्याचे अधिकृत सामने तेवढेच.

त्याला ‘स्ट्रायकर’ म्हणणे नोंदीपुरते बरोबर आहे. सेंटर फॉरवर्ड म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलापाशी उभे राहून शेवटचा फटका मारणारा खेळाडू, अशी तेव्हाची समजूत होती, आणि त्याला रोखण्यासाठी एक बचावपटू खास नेमलेला असे. दि स्तेफानो त्या जागेवरून निघून मागे येत असे, स्वतःच्या बचावपटूंकडून चेंडू घेत असे, मधल्या फळीत खेळाची आखणी करत असे आणि मग शेवटच्या फटक्याला पुन्हा गोलासमोर हजर असे.

यातला डाव कबड्डी पाहिलेल्या कोणालाही कळेल. चढाईला आलेला खेळाडू खोलवर न शिरता मध्यरेषेजवळच घुटमळत राहिला, तर कोपऱ्यातल्या बचावपटूपुढे पेच पडतो: साखळी सोडून पुढे झेपावावे तर मागे मोकळी जागा पडते, आणि जागेवर थांबावे तर चढाईवाल्याला हवा तेवढा वेळ मिळतो. मागे सरकलेला सेंटर फॉरवर्ड प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूला असाच पेच घालतो. पाठीवर 9 क्रमांक, पण काम 9 क्रमांकाचे नाही, म्हणून पुढे या भूमिकेला ‘फॉल्स नाइन’ हे नाव मिळाले. ही युक्ती दि स्तेफानोने शोधली असे मात्र म्हणता येणार नाही. पेदेर्नेरा रिव्हरमध्ये तसाच खेळत असे, आणि नोव्हेंबर 1953 मध्ये हंगेरीने वेंब्लीवर इंग्लंडला 6-3 असे हरवले तेव्हा नांदोर हिदेगकुटीनेही तेच केले होते. फरक असा की हिदेगकुटी मागे येऊन इतरांसाठी जागा मोकळी करी आणि गोलही करी. दि स्तेफानो मागे येऊन बचावही करी, इतरांना जागाही करून देई आणि गोलही स्वतः करी. एवढे करण्यासाठी लागणारा दम ही त्याची खरी असामान्य गोष्ट होती, पायांतली कला त्यानंतर.

संप आणि बोगोताची वाट

1948 च्या नोव्हेंबरमध्ये अर्जेंटिनाच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंनी संप केला. त्यांची संघटना चार वर्षांपूर्वी स्थापन झाली होती. तिला मान्यता मिळावी, किमान वेतन ठरावे आणि क्लब बदलण्याचे स्वातंत्र्य असावे, अशा मागण्या होत्या. क्लबांनी हंगामाचे उरलेले सामने हौशी आणि कुमार खेळाडूंना उतरवून पुरे केले. तडजोड झाली, पण नोंदणीच्या जोखडाला हात लागला नाही आणि पगारावर कमाल मर्यादा आली. खेळाडूंच्या लेखी सरळ मार्ग बंद झाला होता.

नेमका त्याच सुमारास कोलंबियात एक आडमार्ग उघडला. तिथे 1948 मध्ये ‘दिमायोर’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली होती. तिचे आणि तिथल्या राष्ट्रीय महासंघाचे बिनसले आणि 1949 मध्ये लीग फिफाच्या चौकटीबाहेर गेली. वरवर हा तोटा वाटतो, पण क्लबमालकांना त्यात सोन्याची खाण दिसली. फिफाचे सदस्यत्व नाही, म्हणजे फिफाचे नियमही लागू नाहीत; परदेशी क्लबला नोंदणीची किंमत मोजायची गरज नाही; खेळाडूला भरघोस पगार द्यायचा आणि विमानात बसवायचे. हा काळ कोलंबियात ‘एल दोरादो’, म्हणजे ‘सुवर्णनगरी’, म्हणून ओळखला जातो. इंग्लंडचा बचावपटू नील फ्रँकलिन आणि मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटनसुद्धा 1950 मध्ये बोगोताला पोहोचले.

क्रिकेट पाहणाऱ्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. 1977 मध्ये केरी पॅकर यांनी ऑस्ट्रेलियात मांडलेला समांतर डाव आणि 2007 मध्ये आपल्याकडे निघालेली इंडियन क्रिकेट लीग यांची जात तीच: नियामक मंडळाच्या कक्षेबाहेर जायचे, खेळाडूला जास्त पैसे द्यायचे, आणि बंदी आली तर सोसायची. शेवटही साधारण सारखाच होतो. काही वर्षांत समझोता होतो आणि बंडखोरांना परतीची वाट मिळते.

बोगोताच्या मियोनारिओस क्लबचे अध्यक्ष आल्फोन्सो सेनिओर यांनी आधी पेदेर्नेराला आणि त्याच्या मागोमाग, 1949 च्या ऑगस्टमध्ये, दि स्तेफानो आणि नेस्तोर रोसी यांना आणले. पेदेर्नेरा खेळतही असे आणि संघाला शिकवतही असे, ही गोष्ट पुढच्या प्रशिक्षक दि स्तेफानोच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ‘निळा बॅले’ म्हणून नावाजलेल्या या संघाने 1949, 1951, 1952 आणि 1953 मध्ये लीग जिंकली. मार्च 1952 मध्ये रेआल माद्रिदच्या सुवर्णमहोत्सवी स्पर्धेला पाहुणा म्हणून आलेल्या मियोनारिओसने यजमानांना त्यांच्याच मैदानावर 4-2 असे हरवले, आणि त्यातले दोन गोल दि स्तेफानोचे होते. सान्तियागो बर्नाबेउ, रेआलचे अध्यक्ष, सामना पाहत होते.

सातबारा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची

1951 मध्ये लिमा येथे समझोता झाला. कोलंबियाला फिफात परत घेण्यात आले. मात्र परदेशातून उचललेले खेळाडू ऑक्टोबर 1954 पर्यंत कोलंबियन क्लबांकडेच राहतील आणि त्यानंतर मूळ क्लबांकडे परततील, असे ठरले. म्हणजे दि स्तेफानो 1954 च्या ऑक्टोबरपर्यंत मियोनारिओसचा आणि तिथून पुढे रिव्हर प्लेटचा. शेतीच्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावर नाव रिव्हरचे होते, पण ठरावीक मुदतीपर्यंत वहिवाट मियोनारिओसची होती.

आता या जमिनीला दोन गिऱ्हाइके आली. बार्सेलोनाने सातबारावाल्याला, म्हणजे रिव्हर प्लेटला, गाठून सौदा केला. रेआल माद्रिदने वहिवाटदाराला, म्हणजे मियोनारिओसला, पैसे मोजून त्याचा हक्क घेतला. खुद्द दि स्तेफानो 1952 च्या अखेरीस बोगोता सोडून ब्वेनोस आइरेसला निघून गेला होता आणि मियोनारिओसशी त्याचा पैशांवरून वाद होता. मे 1953 मध्ये तो कुटुंबासह बार्सेलोनाला उतरला, तिथे त्याने मैत्रीपूर्ण सामनेही खेळले. त्याच्या मनाने कौल कोणाला दिला होता हे यावरून दिसते, पण नोंदणीच्या कागदावर खेळाडूच्या मनासाठी रकाना नव्हता.

बार्सेलोनाची चूक इथे झाली. मुदतीपर्यंतचा हक्क मियोनारिओसकडे आहे हे त्यांना ठाऊक होते, तरीही त्यांच्याशी व्यवहार पुरा करण्यात त्यांनी चालढकल केली. जमीन विकत घ्यावी आणि कुळाशी बोलणीच मिटवू नयेत, असे हे झाले. रेआलचे राइमुंदो सापोर्ता यांनी तेच दार ठोठावले. दोन्ही हक्क एका हाती नसल्याने स्पेनचा महासंघ नोंदणी करायला तयार नव्हता. त्यातच 1953 च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या क्रीडाखात्याने नव्या परदेशी खेळाडूंवर बंदी घातली.

फिफाने स्पॅनिश महासंघाचे माजी अध्यक्ष आर्मान्दो मुन्योस कालेरो यांना लवाद नेमले. 15 सप्टेंबर 1953 रोजी जाहीर झालेला तोडगा आज वाचताना हसू येते: खेळाडूने चार हंगाम आळीपाळीने खेळावे, पहिला आणि तिसरा रेआलकडून, दुसरा आणि चौथा बार्सेलोनाकडून. आपल्याकडे देवस्थानांत भाऊबंदांची पूजेची पाळी ठरते, एक वर्ष थोरल्या पातीचे, एक धाकट्या पातीचे. तशीच ही गोलाची पाळी. देवाच्या बाबतीत ते चालून जाते, कारण देव जागचा हलत नाही.

बार्सेलोनात संताप उसळला, अध्यक्ष एन्रिक मार्ती कारेतो यांनी राजीनामा दिला, आणि त्यानंतरच्या व्यवस्थापनाने झालेला खर्च वसूल करून आपला हक्क रेआलला सोडून दिला. 25 ऑक्टोबर 1953 रोजी रेआलने बार्सेलोनाला 5-0 असे हरवले आणि दि स्तेफानोने त्यात दोन गोल केले.

मग हे सगळे फ्रँकोने घडवून आणले का?

स्पेनचा तेव्हाचा हुकूमशहा फ्रँको याच्यावरचा हा आक्षेप ठरलेला आहे, आणि बार्सेलोनात आजही तो पुष्कळांना निर्विवाद वाटतो. परदेशी खेळाडूंवरील बंदीची वेळ, हुकूमशाहीच्या हाताखालचे क्रीडाखाते, लवादही स्पॅनिशच. संशयाला जागा आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्याविरुद्धच्या गोष्टीही तितक्याच ठोस आहेत. 1953 पर्यंत रेआल माद्रिद हा सत्तेचा लाडका विजेता संघ नव्हता. 1933 नंतर त्यांनी लीग जिंकलीच नव्हती. उलट बार्सेलोनाने फ्रँकोच्याच राजवटीत 1952 आणि 1953 ही लागोपाठची विजेतेपदे मिळवली होती. सत्तेने हात लावला असेल तर तो बार्सेलोनाच्या चालढकलीने आधीच किलकिल्या झालेल्या दारावर लावला, असे माझे मत आहे. शिवाय अर्ध्या हक्काच्या मोबदल्यात पैसे घेऊन मोकळे होण्याचा अखेरचा निर्णय बार्सेलोनाच्याच कार्यालयात झाला.

दि स्तेफानो आल्यावर रेआलने त्याच हंगामात, 21 वर्षांनी, लीग जिंकली. तो असेपर्यंत एकूण आठ. पाच वेळा तो लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. 1955 मध्ये फ्रेंच क्रीडापत्रकार गाब्रिएल आनो यांच्या कल्पनेतून युरोपियन चषक स्पर्धा सुरू झाली आणि तिची पहिली पाचही विजेतेपदे रेआलकडे गेली. पाचही अंतिम सामन्यांत दि स्तेफानोने गोल केला. शेवटचा, 1960 चा, ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर झाला. आइनट्राख्ट फ्रांकफुर्टविरुद्ध 7-3, त्यात हंगेरीच्या फेरेन्त्स पुश्काशचे चार आणि दि स्तेफानोचे तीन. आता एक गोष्ट लक्षात घ्यावी: पुश्काशही हंगेरीतील 1956 च्या उठावानंतर देश सोडून आलेला, फिफाची बंदी भोगून 1958 मध्ये रेआलला मिळालेला. त्या काळातला सर्वोत्तम संघ अशा कागदपत्रे बिनसलेल्या माणसांनी घडवला होता.

तीन देश, आणि विश्वचषकाचा एकही सामना नाही

दि स्तेफानो 1947 मध्ये अर्जेंटिनाकडून खेळला, कोलंबियात असताना तिथल्या लीगच्या निवड संघाकडून, आणि 1956 मध्ये स्पेनचे नागरिकत्व मिळाल्यावर 1957 पासून स्पेनकडून. कोलंबियाचे सामने फिफाच्या कक्षेबाहेरचे म्हणून अधिकृत धरले जात नाहीत. ‘हा तर देश बदलणारा भाडोत्री’ असा शेरा यावर मारला जातो, पण तेव्हाच्या नियमांत ते सरळ बसत होते. पुश्काश 1954 मध्ये हंगेरीकडून आणि 1962 मध्ये स्पेनकडून विश्वचषक खेळला. होसे सांतामारिया उरुग्वे आणि स्पेन, तर अल्ताफिनी ब्राझील आणि इटली या दोन देशांकडून. 1962 च्या स्पर्धेनंतर फिफाने हे थांबवले. आज क्रीडापानांवर दुहेरी नागरिकत्वाच्या खेळाडूंचे जे वाद होतात त्यांची वंशावळ इथवर पोहोचते.

विश्वचषक मात्र प्रत्येक वेळी वेगळ्याच कारणाने निसटला. 1946 ची स्पर्धा युद्धामुळे झालीच नाही. 1950 मध्ये ब्राझीलच्या महासंघाशी बिनसल्याने अर्जेंटिनाने माघार घेतली, 1954 मध्ये भागच घेतला नाही. आणि तोवर तो त्यांच्या हिशेबातून बाहेरही पडला होता. 1958 च्या पात्रता फेरीत स्पेन स्कॉटलंडच्या मागे एका गुणाने राहिला. मायदेशात दुबळ्या समजल्या जाणाऱ्या स्वित्झर्लंडशी झालेली 2-2 बरोबरी भोवली. 1962 मध्ये तो चिलीला संघासोबत गेला, पण दुखापतीमुळे एकही सामना खेळू शकला नाही. मधल्या काळात, 1960 च्या पहिल्या युरोपीय राष्ट्रचषकात स्पेनची गाठ सोव्हिएत संघाशी पडली तेव्हा फ्रँको सरकारने संघाला जाऊच दिले नाही. फ्रँकोने दि स्तेफानोला दिले काय याची चर्चा सतत होते. त्याच्याकडून काढून घेतले काय, याची फारशी होत नाही. स्पेनकडून 31 सामन्यांत 23 गोल एवढाच हिशेब उरला.

त्याच्या प्रसिद्धीचा राजकीय उपयोग इतरांनीही केला. 1963 च्या ऑगस्टमध्ये व्हेनेझुएलातील काराकास येथे तिथल्या सशस्त्र क्रांतिकारी गटाने पोलीस असल्याची बतावणी करून त्याला हॉटेलातून पळवले आणि जगभर बातमी झाल्यावर तिसऱ्या दिवशी सुखरूप सोडून दिले.

सर्वोत्तम आक्रमकाने बचावावर जिंकलेली लीग

27 मे 1964 रोजी व्हिएन्नात युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात इंटर मिलानने रेआलला 3-1 असे हरवले. त्या सामन्याच्या डावपेचांवरून दि स्तेफानो आणि प्रशिक्षक मिगेल मुन्योस, जे काही वर्षांपूर्वी त्याचे सहखेळाडू आणि कर्णधार होते, यांच्यात तेढ आली. तो एस्पान्योलकडे गेला, दोन हंगाम खेळला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर थांबला. बर्नाबेउंशी संबंध तुटले ते तुटलेच. 1978 मध्ये बर्नाबेउ वारले, आणि त्यांच्या हयातीत दि स्तेफानो रेआलमध्ये परतले नाहीत.

मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होत नाही, अशी एक सर्वमान्य समजूत आहे. कारण असे दिले जाते की ज्याला गोष्टी आपोआप जमत होत्या त्याला त्या दुसऱ्याला समजावता येत नाहीत. जन्मतः सूर सापडलेला गवई नेहमीच चांगला गुरू होतो असे नाही, हे आपणही जाणतो. दि स्तेफानोंच्या बाबतीत हा नियम निम्माच लागू पडतो. मैदानभर धावून सगळ्यांना सूचना करणारा खेळाडू हा खेळत असतानाच अर्धा प्रशिक्षक असतो, आणि पेदेर्नेरांच्या हाताखालची चार वर्षे ही त्यांची शाळाच होती.

एल्चेमधील अल्प मुक्कामानंतर 1969 मध्ये ते ब्वेनोस आइरेसला, रिव्हरच्या कट्टर प्रतिस्पर्धी बोका ज्युनियर्सचे प्रशिक्षक झाले. रिव्हरचा मुलगा बोकाच्या बाकावर, ही गोष्टच तिथे पचायला जड. त्यावर कडी म्हणजे त्या वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपद बोकाने रिव्हरच्याच मोनुमेन्ताल मैदानावर 2-2 अशा बरोबरीने पक्के केले. विजयी फेरी सुरू होताच यजमानांनी गवतावरचे पाण्याचे फवारे सोडले, असे सांगितले जाते.

पुढच्याच वर्षी व्हॅलेन्सिया. इथे त्यांचे सर्वांत चांगले काम झाले, असे मी म्हणेन. 1970-71 ची लीग व्हॅलेन्सियाने जिंकली, 1947 नंतर प्रथमच. आणि ती जिंकली ती आक्रमणाच्या आतषबाजीवर नव्हे, तर 30 सामन्यांत वीसहून कमी गोल स्वीकारून. शेवटच्या दिवशी ते एस्पान्योलकडून 1-0 असे हरलेही, पण त्याच वेळी आतलेतिको माद्रिद आणि बार्सेलोना यांची 1-1 बरोबरी झाली. बार्सेलोनाशी गुण समान, आपसातल्या सामन्यांत वरचढ, म्हणून व्हॅलेन्सिया विजेते. ज्या खेळाडूने गोलासमोर हजारो क्षण जगले होते त्याला गोल कसा अडतो हे इतरांपेक्षा जास्त ठाऊक असावे, यात नवल नाही. पण ते संघाकडून करवून घेणे ही वेगळी विद्या. 1980 मध्ये, दुसऱ्या मुक्कामात, त्यांच्या व्हॅलेन्सियाने ब्रसेल्सला चषकविजेत्यांच्या चषकाचा अंतिम सामना आर्सेनलविरुद्ध पेनल्टीवर जिंकला. 120 मिनिटांत गोल झालाच नव्हता. 1981 मध्ये त्यांनी रिव्हर प्लेटलाही राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. एकाच माणसाने बोका आणि रिव्हर या दोघांनाही जिंकवणे म्हणजे काय, हे ब्वेनोस आइरेसमध्ये कोणालाही विचारावे.

पाच वेळा दुसरे

1982 मध्ये ते अखेर रेआल माद्रिदचे प्रशिक्षक झाले आणि 1982-83 चा हंगाम हा त्यांच्यावरील टीकेचा कायमचा पुरावा बनला. त्या एका हंगामात रेआल पाच स्पर्धांत उपविजेते ठरले. सुपर चषक रेआल सोसिएदादकडे गेला. लीगच्या शेवटच्या सामन्यात हरल्याने विजेतेपद अथलेतिक बिलबाओला मिळाले, आणि ज्यांच्याकडून हरले तो संघ व्हॅलेन्सिया होता, ज्याने त्या विजयाने स्वतःला खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचवले. चषकविजेत्यांच्या चषकाच्या अंतिम सामन्यात गोथेनबर्गला स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनने जादा वेळेत 2-1 असे हरवले. त्यांचा तरुण प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन होता. राजाचा चषक आणि लीग चषक हे दोन्ही मॅराडोनाच्या बार्सेलोनाने नेले. पुढच्या वर्षीही लीगमध्ये बिलबाओशी गुण समान होऊन दुसरेच स्थान आले.

‘जिंकणाऱ्यालाच लोक ओळखतात’ हा युक्तिवाद रेआलसारख्या क्लबात चालतो आणि 1984 मध्ये त्यांना जावे लागले. मात्र त्याच वर्षभरात त्यांनी केलेली एक गोष्ट गुणतक्त्यात दिसत नाही. 4 डिसेंबर 1983 रोजी मुर्सियाच्या मैदानावर त्यांनी मानोलो सांचिस आणि रफाएल मार्तिन व्हास्केझ या दोन तरुणांना पहिल्यांदा उतरवले. सामन्यातला एकमेव गोल सांचिसने केला. दोन महिन्यांनी काडिझला संघ 2-0 असा मागे पडला असताना एमिलिओ बुत्रागेन्यो या सडपातळ मुलाला बदली म्हणून पाठवले. त्याने दोन गोल केले आणि रेआल 3-2 असे जिंकले. ही सगळी मुले कास्तियाची, म्हणजे क्लबच्या स्वतःच्या राखीव संघाची. त्यांच्या पिढीतला मिचेल त्याआधीच, एप्रिल 1982 मध्ये, एक सामना खेळून गेला होता, आणि त्याचे कारण पाहण्यासारखे आहे: स्पेनमध्ये खेळाडूंचा संप होता आणि क्लबांनी मुलांना मैदानात उतरवले होते. या पिढीने 1986 ते 1990 अशी सलग पाच लीग विजेतेपदे मिळवली, पण तेव्हा बाकावर दुसरेच प्रशिक्षक होते.

‘हे तर क्लबच्या प्रशिक्षण व्यवस्थेचे यश,’ असे यावर म्हणता येईल, आणि ते खोटे नाही. मुले तयार तिथेच झाली. परंतु पाच स्पर्धा गमावलेला, नोकरी धोक्यात असलेला प्रशिक्षक सहसा बाजारातून नाव असलेला खेळाडू मागतो. अठरा ते वीस वर्षांच्या मुलांवर आपली खुर्ची ठेवत नाही.

व्हॅलेन्सिया 1986 मध्ये खालच्या श्रेणीत घसरले तेव्हा दि स्तेफानो त्यांच्याकडेच होते, आणि पुढच्या वर्षी त्यांनीच संघाला वर आणले. साठीतल्या, सगळे मिळवून झालेल्या माणसाने दुसऱ्या श्रेणीतल्या धुळकट मैदानांवर हिवाळा काढावा, हे मला त्यांच्या अनेक चषकांपेक्षा जास्त बोलके वाटते. 1990-91 मध्ये रेआलने मोडलेला हंगाम सावरायला त्यांना काही महिन्यांसाठी पुन्हा बोलावले. बार्सेलोनाविरुद्ध सुपर चषक जिंकून, मार्च 1991 मध्ये ते थांबले.

2000 मध्ये रेआलने त्यांना मानद अध्यक्ष केले आणि 7 जुलै 2014 रोजी, वयाच्या 88 व्या वर्षी, ते माद्रिदला वारले. वाल्देबेबास येथील क्लबच्या सरावसंकुलात त्यांच्या नावाचे मैदान आहे. 2006 च्या मे महिन्यात त्याचे उद्घाटन झाले तेव्हा पाहुणा संघ म्हणून फ्रान्सच्या रँसला बोलावले होते, ज्यांना हरवून 1956 मध्ये पहिला युरोपियन चषक मिळाला होता. रेआलचा मुख्य संघ तिथे क्वचितच खेळतो. ते मैदान कास्तियाच्या मुलांचे आहे.